आप्पांच्या आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण

भांडगाव, ता. दौंड
१८ ऑगस्ट २०२४

चि. संपत,

आशीर्वाद द्यायची आज इच्छा नाही, पण धाकटा आहेस म्हणून रीत पाळते. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. फोन केला की तू 'आक्का, आप्पा समोर बसलेत, नंतर करतो' म्हणतोस, आणि ते नंतर काही उगवत नाही. पत्र तुला अर्ध्यात कापता येणार नाही म्हणून पत्र लिहितेय.

परवा पंधरा ऑगस्टला स्नेहलच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. शाळा तुझ्या साहेबांच्या, मारुतराव आप्पांच्या संस्थेची, त्यामुळे विषयही आप्पाच. आठवीच्या पोरांना त्यांचं 'खडकावरचं रोप' हे आत्मचरित्र वाटलं आणि पहिलं प्रकरण पाठ करायला सांगितलं. पोरगी चार दिवस ओट्याजवळ उभी राहून घोकत होती. मी भाकरी थापत होते, माझं निम्मं लक्ष होतं. चौथ्या दिवशी कानावर आलं, "ज्येष्ठातलं ऊन. वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेकाठच्या एका बांधावर माझ्या माउलीनं मला जन्म दिला. विळ्यानं स्वतः नाळ तोडली, पदरात गुंडाळलं, माझ्याकडे बघून ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागली." माझी भाकरी तव्यावर करपली.

संपत, हा तुझा जन्म आहे. मेंढरं घेऊन आई-तात्या वडगावच्या रानात उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. आईनं ती आपल्याला इतक्यांदा सांगितलीय की तो बांध मी न बघता ओळखीन. मारुतराव आप्पा पुण्याच्या दवाखान्यात जन्मले हे अख्ख्या शिरूर तालुक्याला ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांनी जीप फिरवून पेढे वाटले होते म्हणतात.

पुस्तक हिसकावून घेतलं आणि पुढं वाचलं. खताच्या पिशवीत दप्तर, ते तुझं. घोंगडं वाळेपर्यंत मेंढ्यांच्या उबेला बसून केलेला अभ्यास, तो आपल्या दोघांचा. 'तू मेंढ्या वळायला जा' म्हणून मास्तरांनी दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं, ते तर निव्वळ माझं, सहावीतलं. आप्पांना वर्गाबाहेर कोण काढणार होतं? त्यांच्या बाबतीत शाळा खरोखरच बापाची होती.

स्नेहल बाईंना म्हणाली, ही माझ्या आजीची गोष्ट आहे. बाई म्हणाल्या, "प्रत्येकाला असंच वाटतं गं, हीच आप्पांच्या लेखणीची ताकद." पोरीला दुसरा नंबर मिळाला. घरी येऊन तिनं प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं आणि विचारलं, आई, आजी खोटं सांगते का?

हे कुणी लिहिलं ते मी विचारत नाही. त्या ऑफिसात लिहिता येणारा तू एकटाच आहेस. का लिहिलंस ते सांग.

धनश्री


शिरूर
२७ ऑगस्ट २०२४

ती. आक्का हिस,

आपले दि. १८ चे पत्र मिळाले. आपण व्यक्त केलेल्या तीव्र भावनांचा मी आदर करतो. सदर बाबतीत माझी भूमिका पुढीलप्रमाणे आहे.

हे वरचं मुद्दाम खोडत नाही. सख्ख्या बहिणीला पत्र लिहायला बसलो आणि हातातून हे आलं. दहा ते सहा मी असाच लिहितो, आक्का. काल दोन शोकसंदेश, एक लग्नाचे शुभाशीर्वाद, एका डेअरीच्या उद्‌घाटनाचं भाषण. गेल्या सहा वर्षांत मी दोनशे माणसांच्या निधनानं व्यथित झालोय, त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन माझी अर्धवट कादंबरी उघडतो. आईला बोलतं करायला जातो, तर ती पानावर उभी राहते आणि 'उपस्थित मान्यवर' म्हणते. चार ओळी लिहायच्या आणि तीन खोडायच्या, असं सहा वर्षं चाललंय.

आत्मचरित्राचं काम आलं तेव्हा आप्पा तीन दिवस माझ्यासमोर बसले. पहिलं प्रकरण दीड पानाच्या पुढं जाईना. वडील कारखान्याचे संचालक, दारात जीप, शाळेत न्यायला गडी. आप्पांना स्वतःलाच ते वाचून बरं वाटेना. म्हणाले, "संपत, हे बेचव लागतंय. गरिबी घाल की थोडी." मी विचारलं, कुणाची? तर म्हणाले, "कुणाची म्हंजी काय? गरिबी सगळीकडं सारखीच असती."

त्या दिवशी मी एका बैठकीत चौदा पानं लिहिली. खरं सांगतो आक्का, इतकं सरळ मला कधीच सुचलं नव्हतं. कागदावर 'मी' लिहीत होतो आणि तो मी दुसऱ्याचा होता, म्हणून लाज आडवी आली नाही. आई बोलली, तात्या बोलले, मेंढरं ओरडली. लिहून झालं आणि बाहेर जाऊन चहा प्यालो. आपण काही दिलंय असं तेव्हा वाटलंच नाही. कादंबरीचं पहिलं प्रकरणही मी नंतर त्यावरूनच उतरवलं.

एक गंमत सांगतो. प्रकाशनाला आप्पांच्या आई, विठाबाई, पहिल्या रांगेत होत्या. नव्वदीच्या आहेत, पण कान शाबूत. ते प्रकरण वाचून दाखवलं तशा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "म्या काय मेंढक्याची बाई हाय व्हय बांधावर बाळंत व्हायला? चांगली आठ दिस पुण्याच्या दवाखान्यात व्हते." आप्पा माईकवर म्हणाले, "आईचं आता वय झालंय." मंडपात टाळ्या पडल्या.

रागावू नकोस. कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकाकडे गेलीय. ती छापून आली की सगळ्यांना आपोआप कळेल, बांध कुणाचा आणि आई कुणाची. तोवर आईच्या कानावर घालू नकोस एवढीच विनंती.

संपत


भांडगाव
५ सप्टेंबर २०२४

संपत,

याला तू गंमत म्हणतोस.

त्या विठाबाईंचा मला राग यायला हवा होता, पण अख्ख्या मंडपात खरं बोलली ती तेवढी एकच बाई. तिचं बाळंतपण तू काढून घेतलंस आणि आपल्या आईचं तिच्या पदरात टाकलंस. दोघींतल्या एकीला तरी विचारलंस? आणि 'मेंढक्याची बाई' हे तू खुर्चीवर बसून ऐकलंस. मंडपात टाळ्या पडल्या असं लिहितोस. तू वाजवल्यास की नाही, ते लिहिलं नाहीस. मला तेवढंच जाणून घ्यायचंय.

गरिबी सगळीकडं सारखी नसते, हे तुझ्या आप्पांना कुणी सांगितलं नाही, तुला तरी माहीत होतं. आपलीला ओल्या घोंगड्याचा वास होता. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही ते त्या वासामुळं. आता तोच वास आप्पांच्या पुस्तकात आलाय आणि लोक म्हणतात, वा, काय मातीशी नाळ आहे.

आणि नोकरीचं रडगाणं मला सांगू नकोस. मीही कुरकुंभला कंपनीत पॅकिंगला आहे. आठ तास खोकी भरते. घरी येऊन पोरीला खोक्यात भरत नाही. नोकरीनं माणसाचा हात बिघडतो हे मी समजू शकते, माझ्या मनगटाला पट्टा असतोच. पण तू हात नाही दिलास, तू आई दिलीस. आणि वर म्हणतोस, चौदा पानं सरळ सुचली. सुचायला काय झालं होतं, ती आईनं तुला आयती जेवायला वाढल्यासारखी वाढली होती.

टाळ्यांचं उत्तर दे.

धनश्री


शिरूर
९ ऑक्टोबर २०२४

आक्का,

वाजवल्या. सगळे वाजवत होते. पगार देणारा माणूस माईकवर असताना हात मांडीवर ठेवून बसायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. यापुढं याविषयी विचारू नकोस.

दुसरं लिहितो. प्रकाशकाचं पत्र आलं. कादंबरी त्यांना आवडली, पहिलं प्रकरण फार आवडलं, पण तेच आडवं आलं. त्यांच्याकडे कुणीतरी आप्पांचं पुस्तक वाचलेलं निघालं. त्यांनी लिहिलंय की कादंबरीचं पहिलं प्रकरण मा. मारुतराव यांच्या आत्मचरित्रावरून जवळजवळ जसंच्या तसं घेतलेलं दिसतं. अशी उसनवारी नव्या लेखकाला शोभत नाही. तरीही प्रकरण ठेवायचं असेल, तर मूळ लेखकाचं ना-हरकत पत्र आणावं.

मी दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. प्रकरण काढून टाकावं म्हणून बसलो, पण त्याच्यावाचून पुढचं एकही पान उभं राहीना. मूळ लेखक मीच आहे असं प्रकाशकाला कळवावं, तर पुराव्याला काय देणार? आप्पांच्या पुस्तकात माझं नाव आहे ते शेवटच्या पानावर, अक्षरजुळणी करणाऱ्याच्या खाली, 'सहकार्य' म्हणून.

शेवटी आप्पांकडे गेलो. मला वाटलं चिडतील. तर त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, माझ्या आयुष्यावरनं तुला लिवावं वाटलं, ह्यात काय हरकत? लिही की. आपल्या पोरांनी मोठं व्हायलाच पायजे." आणि मग मला बांधाचं सांगू लागले. ऊन कसं होतं, नदीला पाणी किती होतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नाटक नव्हतं आक्का, त्यांना ते आता खरंच आठवतं.

पत्र अर्थात मीच टाईप केलं, त्यांनी सही केली. मजकूर असा: 'लेखक श्री. संपत यांनी माझ्या जीवनातील जन्माचा व बालपणाचा प्रसंग आपल्या कादंबरीत वापरण्यास माझी हरकत नाही. पहिल्या पानावर माझा ऋणनिर्देश करावा.' प्रस्तावनाही देतो म्हणालेत.

तुला राग येईल हे ठाऊक आहे. पण शांतपणे विचार कर. मार्ग निघालाय. कादंबरी येतेय, सहा वर्षांनी येतेय. ऋणनिर्देशाची एक ओळ कोण वाचतं?

संपत


भांडगाव
१४ ऑक्टोबर २०२४

संपत,

माझ्या आईच्या बाळंतपणाला मारुतरावांची हरकत नाही, हे कळवल्याबद्दल आभारी आहे.

एक ओळ कोण वाचतं म्हणतोस. मी वाचणार, स्नेहल वाचणार. आणि ज्या मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं ते अजून जिवंत आहेत, तेही वाचतील आणि म्हणतील, बघा, ही धनगराची पोरं, साहेबांच्या जिवावर लेखक झाली. माणसाला लुटतात तेव्हा तो निदान ओरडतो तरी. तू चोराकडनं पावती घेऊन आलास आणि मला म्हणतोस मार्ग निघालाय.

या वर्षी भाऊबीजेला मी ओवाळायला बसणार नाही. तू येऊ नकोस. मीही कवठ्याला आईकडे जाणार नाही, तुझं तोंड दिसेल म्हणून. स्नेहल सुट्टीत आजीकडे जातेय. तिच्या पिशवीत आप्पांचं पुस्तक आणि तू मला मागं दिलेली कादंबरीची झेरॉक्स, दोन्ही ठेवली आहेत. आईला वाचून दाखवायला सांगितलंय. तू तिला सांगू नकोस म्हणाला होतास. तात्या गेले तेव्हापासून या घरात तिला कुणी काही सांगत नाही. आता ज्याची गोष्ट त्यालाच विचारू दे, हरकत आहे का म्हणून.

धनश्री


कवठे येमाई
५ नोव्हेंबर २०२४

(आजी बोलतेय, मी स्नेहल लिहितेय. एक शब्द बदलायचा नाही असं तिनं सांगितलंय.)

धनश्री आन् संपत,

भाऊबीजेला दोघंबी आला न्हाईत. ताट लावून ठेवलं व्हतं. असू द्या.

पोरीनं दोन्ही पुस्तकं वाचून दावली. आधी आप्पाचं, मंग संपतचं. येकच हाईत. माझं नाव दोन्हीतबी न्हाई. त्याच्यात विठाबाई हाय, ह्याच्यात नुसती माउली हाय. बानूबाई कुठंच न्हाई.

तुमी भांडताय कुनाचं कुनी घेतलं म्हून. आता माझं ऐका, आन् मधी बोलू नगा.

बांधावर झाली ती धनश्री. संपत, तू शिरूरच्या सरकारी दवाखान्यात झालास. वर पंखा फिरत व्हता, नर्सबाईनं मला च्या दिला व्हता.

तवा मेंढरं वडगावच्या रानात बसवायची व्हती. तुमचा बा मेंढरांसंगं म्होरं गेलता. माझ्यानं चालवंना, मी मागं ऱ्हायले. पुस्तकात इळा घातलाय. इळा न्हवता, त्यो घोड्यावरच्या बोचक्यात म्होरं गेला. दोन दगडांत धरून तोडली. पुस्तकात म्हनतोय माउली हासली. कशाची हासतीय. रडले. भूक लागली व्हती, आन् पोरगी झाली हे सांगायचं कसं ह्याचं भ्या वाटत व्हतं. तुमचा बा सांजच्याला मागं आला, बघितलं, आन् मेंढरांकडं गेला. कुठं झाली, कशी झाली, कुनी इचारलं न्हाई. पोरीचं कोन इचारतंय.

मंग संपत झाला. त्यो तीन वर्सांचा असंल, येमाईच्या जत्रंत चार गावच्या बायका बसल्या व्हत्या. संपत मांडीवर व्हता, धनश्री शेजारी शेंगा खात व्हती. कसं कुनास ठावं, माझ्या तोंडातनं बांधाचं निघालं. बायकांनी मांडीवरल्या पोराकडं बघितलं आन् म्हनल्या, व्हय बाई, असा वाघ बांधावरच व्हायचा. समद्या माझ्याकडं सरकल्या. पयल्यांदा माझं कुनी ऐकत व्हतं. न्हाई म्हनायचं व्हतं मला. पर म्हनलेच न्हाई. तुमच्या बाला ठावं व्हतं, त्योबी गप बसला. त्याला बरंच वाटलं.

मंग जवा जवा सांगितलं तवा तसंच सांगितलं. सांगून सांगून मलाबी तिथं पोरगाच दिसाया लागला. त्या आप्पाला आता आठवतंय म्हनं. आठवनारच. मला न्हाई आठवत व्हय?

त्यानं घेतलं ते मागनं. पैलं म्या घेतलं. धनश्री, तुझं व्हतं, म्या त्याला दिलं. परत कसं द्यायचं ते मला येत न्हाई, म्हून लिवून दिलंय. खाली अंगठा केलाय.

बानूबाई


भांडगाव
१२ नोव्हेंबर २०२४

संपत,

आईचं पत्र सोबत पाठवतेय. ही झेरॉक्स आहे. मूळ कागद माझ्याकडे राहील.

तीन महिने मी तुझ्या जन्मासाठी भांडत होते. कपाळावर हात मारून घ्यावा असं हे आहे. स्नेहल झाली तेव्हा दवाखान्यात कळा देताना मी आईच्या त्या बांधाची आठवण धरून होते, आणि त्या बांधावर मला तूच दिसत होतास. माझ्याच पोरीला मी माझी गोष्ट मामाची म्हणून सांगितली, वर कौतुकानं सांगितली. पत्र आलं त्या दिवशी मी कामाला गेले नाही. आईवर रागवायला बसले, तर रागवता येईना. तात्या नाहीत. मारुतरावांना तर मी कोण हेही माहीत नाही. उरलास तू, म्हणून सगळ्यांचा मिळून राग तुझ्यावरच निघतोय, आणि तो अन्याय आहे हे मला कळतंय. तरीपण निघतोय. मेंढ्या वळायला जा म्हणून ज्या पोरीला उभं केलं तीसुद्धा तू आप्पांना दिलीस, तेव्हा तुला माहीत होतं ती कोण होती ते. त्यात तुला आईनं फसवलं नव्हतं.

कादंबरीचं काय करायचं ते तुझं तू बघ. पहिलं प्रकरण तुझं नाही, आप्पांचं तर नाहीच. ते हरकत नसल्याचं पत्र त्यांना परत कर नाहीतर फाडून टाक. माझी हरकत आहे, हे मात्र प्रकाशकाला कळव. तुला तुझ्या जन्मापासून सुरुवात करायची असेल तर शिरूरच्या दवाखान्यातनं कर. तिथं पंखा होता, चहा होता, आणि आईला कुणाला काही सांगायची भीती नव्हती. तेही लिहिण्यासारखं आहे, जमलं तर.

मी रविवारी स्नेहलला घेऊन वडगाव रासाईला चाललेय. आईला फोनवर विचारलं, नेमका कुठला बांध? ती म्हणाली, "नदीच्या अंगाला दोन चिंचा व्हत्या. आता समदा ऊसच हाय, सापडायचा न्हाई." नाही सापडला तर नदीवर बसून डबा खाऊ आणि माघारी येऊ. पण मला एकदा तिथं उभं राहायचंय.

तुझा नंबर अनब्लॉक केलाय, आईचं काही दुखलंखुपलं तर असावा म्हणून. रविवारी मात्र तू येऊ नकोस. आलास तर लिहिशील.

धनश्री